द्वारकेतील दोन शेजारी आणि रखडलेली संयुक्त पदवी

दिल्लीच्या विमानतळाजवळील द्वारका या उपनगराचे नाव घेतले की महाराष्ट्रात बहुतेकांना सौराष्ट्रातील श्रीकृष्णाची द्वारका आठवते. दिल्लीची द्वारका मात्र दिल्ली विकास प्राधिकरणाने पापनकलां परिसरात सेक्टर आखून वसवलेली नवी वसाहत आहे. याच वसाहतीत सेक्टर १४ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठ, सेक्टर ३ मध्ये नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ, सेक्टर १६-सी मध्ये गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ आणि सेक्टर १० मध्ये जिल्हा न्यायालयांचे संकुल आहे. विधी विद्यापीठाजवळच्या मेट्रो स्थानकापासून तंत्रज्ञान विद्यापीठाजवळच्या द्वारका मोड स्थानकापर्यंत जेमतेम दोन थांबे लागतात. इंद्रप्रस्थ विद्यापीठात तर विधी शाखा आणि माहिती व संचार तंत्रज्ञान शाखा एकाच आवारात नांदतात.

इतके असूनही कायदा आणि तंत्रज्ञान या दोन्ही विषयांची मिळून पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला द्वारकेत सरळ वाट सापडत नाही. त्याच्यासमोर दोन वेगळी दारे असतात, दोन वेगळ्या प्रवेश परीक्षा असतात आणि अर्जाच्या पहिल्याच रकान्यात त्याला आपण कोण आहोत हे ठरवावे लागते: विधी पदवीधर की अभियंता? दोन्ही होऊ इच्छिणाऱ्यासाठी त्या रकान्यात जागा नसते.

वास्तविक तिन्ही विद्यापीठे दिल्ली विधानसभेच्या कायद्यांनी निर्माण झालेली आहेत. इंद्रप्रस्थ विद्यापीठ १९९८ चे, विधी विद्यापीठ २००८ चे. तंत्रज्ञान विद्यापीठाचा उगम १९८३ च्या दिल्ली इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत असून विद्यापीठाचा दर्जा त्याला २०१८ मध्ये मिळाला. एकाच विधिमंडळाची ही तीन अपत्ये अभ्यासक्रमाच्या बाबतीत परस्परांना परकी राहिली, याचे कारण दिल्ली सरकारच्या कारभारात नव्हे, तर देशभर लागू असलेल्या नियमांत शोधावे लागते.

गरज कायद्यातच लिहिलेली

कायदा आणि तंत्रज्ञान जाणणारी व्यक्ती हवी, ही मागणी काही आज उद्भवलेली नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये संमत झाला, तेव्हाच त्याच्या ४६ व्या कलमात न्यायनिर्णय अधिकाऱ्यासाठी एक विशेष अट घालण्यात आली. या अधिकाऱ्यास माहिती तंत्रज्ञान क्षेत्राचा अनुभव हवा आणि कायद्याचा किंवा न्यायदानाचाही अनुभव हवा, असे ते कलम सांगते. अशा व्यक्ती आणायच्या कोठून, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. नेमणुका होईनात, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि त्यानंतर २००३ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनाच न्यायनिर्णय अधिकारी म्हणून नेमले. महाराष्ट्रात या सचिवांसमोर पुढे ऑनलाइन बँक फसवणुकीची अनेक प्रकरणे आली व त्यांवर निर्णयही झाले. तरीही ही व्यवस्था मुळात तडजोडीची होती. कायद्याने ज्या दुहेरी पात्रतेची अपेक्षा केली ती देणारी शिक्षणसंस्थाच देशात नव्हती, म्हणून प्रशासकीय पदाच्या आधारे ती गृहीत धरण्यात आली.

दोन दशकांनंतर हीच परिस्थिती अधिक व्यापक रूपाने समोर आली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा नमुना अधिनियमाच्या परिशिष्टात दिला असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, तर दुसरा तज्ज्ञाने. त्यात संबंधित फाइलचे हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढले, हेही नमूद करायचे असते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिती रीतीने काढलेली एक खूण. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ही खूण पूर्णपणे बदलते, आणि म्हणूनच पुराव्यात फेरफार झाला नाही हे दाखवण्यास ती उपयोगी पडते.

साधा धनादेश न वटल्याचा किंवा घटस्फोटाचा खटला घेतला तरी आज त्यात भ्रमणध्वनीवरील संदेश पुरावा म्हणून येतात. म्हणजेच हे प्रमाणपत्र द्वारकेच्या सेक्टर १० मधील न्यायालयाला जितके लागते, तितकेच लातूर किंवा सावंतवाडीच्या न्यायालयालाही लागते. त्यावर सही करणारा तज्ज्ञ कोणत्या पदवीचा असावा, याविषयी मात्र त्या नमुन्यात काही सांगितलेले नाही. वकिलाला हॅश म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि संगणक तंत्रज्ञाला उलटतपासणीत आपल्या एका वाक्याचा काय अर्थ लावला जाईल हे ठाऊक नाही, अशा स्थितीत पक्षकाराचा खटला कागदाच्या एका दोषावर अडकण्याचा धोका राहतो. या प्रश्नाची खरी झळ विद्यापीठांपेक्षा सामान्य पक्षकाराला बसते, आणि शिक्षणविषयक चर्चेत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर या मिश्र ज्ञानाला नावच दिले. डेटा संरक्षण मंडळाच्या सदस्यांना कोणकोणत्या क्षेत्रांचे विशेष ज्ञान असावे, याची यादी कायद्याच्या १९ व्या कलमात आहे. तीत कायदा, माहिती व संचार तंत्रज्ञान यांच्यासोबत ‘टेक्नो-रेग्युलेशन’ असा शब्द येतो. हा शब्द भारतातील फारच थोड्या पदव्यांवर आढळेल. या कायद्याची पायाभरणी करणारा अहवाल मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ काम केलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलै २०१८ मध्ये सादर केला होता, हे येथे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

न्यायसंस्थाही या बदलापासून अलिप्त राहिलेली नाही. नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना सर्वोच्च न्यायालयाने निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही प्रणाली २०१९ मध्ये आणि न्यायाधीशांना संशोधनात साहाय्य करणारी ‘सुपेस’ ही प्रणाली २०२१ मध्ये आणली. दुसरीकडे, प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या एका आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले आढळले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. वृत्तसंस्था ‘एएनआय’ने ‘ओपन एआय’ कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात २०२४ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात न्यायालयाने दोन न्यायमित्र नेमले. त्यांपैकी एक प्राध्यापक पूर्वी द्वारकेच्याच विधी विद्यापीठात अध्यापन करीत असत. बातम्यांचा मजकूर संगणकीय प्रारूपाला ‘शिकवण्यासाठी’ साठवणे म्हणजे प्रत काढणे होय का, हा त्या दाव्यातील एक कळीचा प्रश्न आहे. स्वामित्व हक्काचा कायदा जाणल्याविना त्याचे उत्तर देता येत नाही, आणि ती साठवण प्रत्यक्षात कशी होते हे जाणल्याविनाही देता येत नाही.

सहावा नियम

मग विद्यापीठे एकत्र का येत नाहीत? पदवीपूर्व आणि एलएल.बी. स्तरावर याचे उत्तर भारतीय विधिज्ञ परिषदेच्या, म्हणजेच बार कौन्सिलच्या, २००८ च्या विधी शिक्षण नियमावलीत आहे. तिच्या सहाव्या नियमानुसार कायद्याच्या पदवीसाठी नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या कोणत्याही पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव नोंदवता येत नाही. याला अपवाद आहे तो एकात्मिक पदवीचा. मात्र तो अभ्यासक्रम त्याच संस्थेचा असला पाहिजे.

‘त्याच संस्थेचा’ हे दोन शब्द द्वारकेच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. विधी विद्यापीठात कायदा शिकून मेट्रोचे दोन थांबे ओलांडून तंत्रज्ञान विद्यापीठात संगणकशास्त्राची पदवी घेणे या नियमात बसत नाही. विधी विद्यापीठाने स्वतःची अभियांत्रिकी शाखा उघडावी किंवा तंत्रज्ञान विद्यापीठाने स्वतःचे विधी महाविद्यालय काढावे, एवढेच पर्याय उरतात. दोन्ही खर्चिक आहेत आणि शेजारीच तयार असलेल्या प्रयोगशाळा व ग्रंथालयांचा विचार करता काहीसे हास्यास्पदही.

याच नियमाला जोडून आणखी एक सवलत आहे. भाषा, संगणकशास्त्र किंवा संगणक वापराचा अल्पमुदतीचा अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तसेच विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम विधी विद्यार्थ्याला करता येतो. २००८ मध्ये नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संगणक कसा होता, याचे हे वाक्य बोलके चित्र आहे. टंकलेखन किंवा परकीय भाषेच्या वर्गासारखी, संध्याकाळी दोन तास जाऊन शिकण्याची ती एक पूरक विद्या होती. मद्रास आयआयटीने २०२० मध्ये ऑनलाइन सुरू केलेल्या प्रोग्रॅमिंग व डेटा सायन्सच्या पदवीसारखे अभ्यासक्रम या सवलतीत बसवायचे की नाही, हे नियमाच्या शब्दांवरून निश्चित होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिली, तेव्हा विधी विद्यार्थ्यांमध्येही मोठी आशा निर्माण झाली होती. परंतु त्या मार्गदर्शक तत्त्वांतच संबंधित व्यावसायिक परिषदांचे नियम लागू राहतील, असे स्पष्ट केले होते. परिणामी इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन पदव्या एकाच वेळी घेणे शक्य झाले. कायदा आणि संगणकशास्त्राच्या बाबतीत मात्र दार पूर्वीइतकेच बंद राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा मोठा पुरस्कार केला, पण उच्च शिक्षणासाठी कल्पिलेल्या एकछत्री आयोगाच्या कक्षेतून वैद्यकीय आणि विधी शिक्षण वगळले. मध्येच प्रवेश घेणे किंवा मध्येच पदवी घेऊन बाहेर पडणे, ही त्या धोरणातील लवचिकता विधी शिक्षणाला लागू होत नाही, कारण नियमावलीचा तेरावा नियम त्यास प्रतिबंध करतो.

विधिज्ञ परिषदेची बाजूही येथे समजून घेतली पाहिजे. नोकरी सांभाळून सकाळच्या किंवा संध्याकाळच्या कॉलेजात एलएल.बी. करणारी एक पिढी महाराष्ट्रानेही पाहिली आहे. वर्गात न बसता मिळालेल्या पदव्यांनी वकिली व्यवसायाचे बरेच नुकसान केले, हा परिषदेचा अनुभव आहे आणि तो निराधार म्हणता येणार नाही. दोन पदव्यांवरील बंदीचा हेतू पूर्णवेळ विद्यार्थी पूर्णवेळच राहावा, हा आहे. परंतु उपस्थितीच्या चोरीवर घातलेला हा बांध आता दोन विद्यापीठांनी आखलेल्या पूर्णवेळ संयुक्त अभ्यासक्रमालाही अडवतो. रोग एक आणि औषध दुसऱ्याच अवयवाला, असा हा प्रकार आहे. त्यातच परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या विधी महाविद्यालयांवर तीन वर्षांची स्थगिती जाहीर केली. विद्यमान संस्थांनाही नवे वर्ग वा नवे अभ्यासक्रम पूर्वपरवानगीविना सुरू करता येणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. निकृष्ट महाविद्यालयांचे पीक रोखण्यासाठी हे पाऊल योग्य असेल, परंतु नव्या प्रयोगांचा वेगही त्यामुळे मंदावणार हे उघड आहे.

झालेले प्रयोग

या चौकटीत राहूनही काही संस्थांनी वाटा काढल्या आहेत. खरगपूर आयआयटीत २००६ मध्ये राजीव गांधी बौद्धिक संपदा विधी विद्यालय स्थापन झाले. अभियांत्रिकी व विज्ञानाच्या पदवीधरांना तेथे तीन वर्षांत एलएल.बी. करता येते व बौद्धिक संपदेवर विशेष भर दिला जातो. ही नावाने संयुक्त पदवी नाही, पण विद्यार्थी अभियंता म्हणून येतो आणि वकील म्हणून बाहेर पडतो. भोपाळच्या राष्ट्रीय विधी संस्था विद्यापीठात सायबर कायदा व माहिती सुरक्षा या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असून तो विधी पदवीधरांबरोबरच तंत्रज्ञानाच्या पदवीधरांनाही खुला ठेवण्यात आला. विदर्भातील विद्यार्थ्याला भोपाळ हे दिल्लीपेक्षा कितीतरी जवळचे. डेहराडूनच्या पेट्रोलियम व ऊर्जा अध्ययन विद्यापीठाने बी.टेक. आणि एलएल.बी. एकत्र देणारा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. गांधीनगरच्या विधी विद्यापीठाने विज्ञान आणि कायद्याची एकात्मिक पदवी आणली. मुंबईत २०२३ मध्ये सुरू झालेल्या बिट्स विधी विद्यालयामागे तर अभियांत्रिकी शिक्षणातील मोठे नाव आहे.

द्वारकेतही एक महत्त्वाचा अपवाद घडला आहे. तेथील राष्ट्रीय विधी विद्यापीठाने जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सहकार्याने बौद्धिक संपदा कायदा व व्यवस्थापन या विषयाची संयुक्त पदव्युत्तर पदवी सुरू केली. एलएल.एम. आणि मास्टर्स अशी तिची दोन नावे आहेत, कारण विद्यार्थी दोन प्रकारचे आहेत. कायद्याची पदवी असलेल्यास एलएल.एम. मिळते, इतर शाखांतून आलेल्यास मास्टर्स. एका वर्गात बसून दोन नावांची पदवी घेण्याची ही योजना म्हणजे नियमांच्या भिंतीला पाडलेली खिडकीच होय. जिनिव्हातील संघटनेशी करार करून संयुक्त पदवी देणे शक्य होते, पण सेक्टर ३ मधील विद्यापीठाशी ते सहजपणे होत नाही, ही विसंगती मात्र नजरेतून सुटत नाही.

परदेशी संस्थांशी हातमिळवणी तुलनेने सोपी होण्यामागे अनुदान आयोगाचे मे २०२२ चे विनियम आहेत. त्यांत संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांतला भेद प्रथमच स्पष्टपणे मांडण्यात आला. संयुक्त पदवीत दोन संस्था मिळून अभ्यासक्रम आखतात आणि प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली स्वतंत्र पदवी देतात. एकात्मिक पदवी ही तिसरीच गोष्ट. ती एकाच संस्थेची, दोन पदव्या एका साखळीत गुंफलेली. प्रवेशासाठी प्रसिद्ध होणाऱ्या माहितीपत्रकांत हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि विद्यार्थ्यांची व पालकांची फसगत तेथूनच सुरू होते.

पदवी कशाची, अधिकार कोणता

अर्ज करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न पदवीच्या नावाचा नसून तिच्यामागून येणाऱ्या अधिकाराचा आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार एलएल.बी. केलेल्या आणि राज्य विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच आहे. अभियंत्याने सायबर कायद्याची कितीही प्रतिष्ठित पदव्युत्तर पदवी घेतली तरी तो वकील होत नाही. उलट पेटंट कायद्याच्या १२६ व्या कलमानुसार पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते. विद्युत अभियंता पेटंटचा मसुदा लिहू शकतो, पण त्यावरून वाद झाला तर न्यायालयात युक्तिवाद करू शकत नाही. दोन्ही टोके सांभाळायची तर बी.टेक. आणि एलएल.बी. या दोन्ही पदव्या हव्यात.

त्यासाठी लागणारा काळ पाहिला की अनेकांचा उत्साह ओसरतो. बी.टेक.ची चार वर्षे, एलएल.बी.ची तीन आणि एलएल.एम.चे एक, अशी आठ वर्षे होतात. बारावीनंतर निघालेला विद्यार्थी पंचविशी ओलांडून व्यवसायात उतरतो. त्याचे वर्गमित्र तोवर पुणे किंवा बंगळूरच्या कंपन्यांत चार वर्षांची नोकरी करून बसलेले असतात. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात हा हिशेब घरातल्या घरात, बहुधा वडिलांच्या निवृत्तीच्या वर्षाशी जोडून मांडला जातो. ज्याच्या घरी वकिलीची परंपरा आहे त्याला ही आठ वर्षे परवडतात. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती क्वचितच परवडतात, आणि म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांची सामाजिक चौकट आपोआप आक्रसते. संयुक्त पदवीने वाचणारे एखादे-दुसरे वर्ष ही केवळ सोय नाही. त्या वर्षावर या क्षेत्रात कोण येऊ शकेल हे ठरते.

जून २०२५ मध्ये विधिज्ञ परिषदेने आणखी एक इशारा दिला. परिषदेच्या पूर्वमान्यतेविना ऑनलाइन, दूरस्थ किंवा मिश्र पद्धतीने चालवले जाणारे तसेच ‘एक्झिक्युटिव्ह’ यांसारख्या विशेषणांनी ओळखले जाणारे एलएल.एम. अभ्यासक्रम मान्य होणार नाहीत, असे परिषदेने जाहीर केले आणि काही नामांकित संस्थांना नोटिसा बजावल्या. नोकरी करणारे संगणक अभियंते अशा अभ्यासक्रमांकडे मोठ्या संख्येने वळत होते. त्यांनी भरलेल्या शुल्काचे आणि मिळालेल्या प्रमाणपत्राचे मोल काय, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला. संस्थेचे नाव मोठे असले म्हणजे पदवी सर्व कामांसाठी मान्य असते, या समजुतीला यातून चांगलाच धक्का बसला.

अर्जांचा हंगाम

द्वारकेच्या विधी विद्यापीठाची ‘आयलेट’ ही स्वतंत्र प्रवेश परीक्षा आणि बहुतेक अन्य राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ परीक्षा अलीकडे डिसेंबरमध्ये होतात. एम.टेक.साठीची ‘गेट’ फेब्रुवारीत येते. महाराष्ट्रातील तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा वेगळी, तर दिल्ली विद्यापीठाच्या विधी शाखेसाठी केंद्रीय ‘क्युएट’ वेगळी. अमेरिकेतील विद्यापीठांचे अर्जही डिसेंबर-जानेवारीच्या सुमारासच भरायचे असतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थी याच काळात प्रकल्प आणि कॅम्पस मुलाखतींमध्ये गुंतलेला असतो.

परदेशांतही संयुक्त पदवीचा मार्ग समजला जातो तितका सुलभ नाही. स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठात कायद्याची जे.डी. आणि संगणकशास्त्राची एम.एस. एकत्र करता येते, परंतु त्यासाठी दोन्ही विभागांकडे स्वतंत्र अर्ज करून दोन्हीकडे स्वतंत्रपणे निवड व्हावी लागते. फरक आहे तो प्रवेश मिळाल्यानंतरचा. एका विभागात पूर्ण केलेले काही विषय दुसऱ्या विभागात मोजले जातात आणि एकूण कालावधी कमी होतो. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचा कायदा व तंत्रज्ञान विषयाचा एलएल.एम. हा भारतीय विद्यार्थ्यांना परिचित असलेला दुसरा पर्याय. त्यात मात्र तंत्रज्ञानाची पदवी मिळत नाही, तंत्रज्ञानाविषयीचा कायदा शिकायला मिळतो. हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि अर्जातील उद्देशपत्रात नेमका कोणता हवा हे ज्याला सांगता येत नाही, त्याचा अर्ज बाजूला पडतो. आपण लहानपणापासून संगणकवेडे होतो, या वाक्याने सुरू होणारी उद्देशपत्रे निवड समित्यांना नवीन नाहीत. एखाद्या प्रमाणपत्राअभावी अडकलेला पुरावा किंवा एखाद्या ॲपच्या संमतीपत्रातील त्रुटी विद्यार्थ्याने स्वतः अभ्यासली असेल, तर ती चार ओळींत मांडणे अधिक परिणामकारक ठरते. शिवाय परदेशी विधी पदवीवर भारतात वकिली करायची तर ती पदवी विधिज्ञ परिषदेने मान्य केलेली असावी लागते आणि परिषदेची पात्रता परीक्षाही द्यावी लागते. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वीच ही बाब पाहिली गेली पाहिजे.

शेजाऱ्यांना काय करता येईल

नियम बदलेपर्यंत काहीच होऊ शकत नाही, असे मात्र नाही. सहावा नियम दुसऱ्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवण्यास मनाई करतो. दोन विद्यापीठांनी परस्परांचे निवडक विषय आपल्याच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून स्वीकारणे हे वेगळे. त्यासाठी २०२१ पासून श्रेयांक पेढीची यंत्रणाही उपलब्ध आहे. एलएल.एम.च्या विद्यार्थ्याने डिजिटल न्यायवैद्यकाचा एक विषय तंत्रज्ञान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शिकावा आणि एम.टेक.च्या विद्यार्थ्याने पुराव्याचा कायदा विधी विद्यापीठात शिकावा, एवढ्याने संयुक्त पदवी होणार नाही. पण ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र भरणारा तज्ज्ञ आणि ते तपासणारा वकील यांनी निदान एकदा तरी एका वर्गात बसलेले असेल. विधी विद्यापीठात २०१३ पासून कार्यरत असलेले संचार शासन केंद्र इंटरनेट, खासगीपणा आणि सायबर धोरणावर संशोधन करीत आहे. म्हणजे विषयाची जाण तेथे आहे, पुस्तकी तयारीही आहे. कमतरता आहे ती यंत्रासमोर बसवून शिकवण्याची.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पुण्यात १९२४ चे आयएलएस विधी महाविद्यालय आणि १८५४ पासूनचा वारसा सांगणारे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. मुंबईत चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे आणि माटुंग्याचे व्हीजेटीआय १८८७ चे. २०१४ च्या कायद्यान्वये राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे उभी राहिली. या तिन्ही शहरांत जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेजार सर्वत्र आहे, श्रेयांकांची देवघेव मात्र अपवादानेच दिसते.

दरम्यान, कायद्याचे घड्याळ थांबलेले नाही. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील बहुतांश जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनंतर, म्हणजे मे २०२७ पासून लागू होत आहेत. महत्त्वाच्या डेटा कंपन्यांना भारतात राहणारा डेटा संरक्षण अधिकारी आणि स्वतंत्र डेटा लेखापरीक्षक नेमावा लागेल. २०२६ मध्ये एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दाखल होणारा विद्यार्थी साधारण त्याच सुमारास बाहेर पडेल. त्याच वर्षी तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेणारा अभियंता २०२९ मध्ये वकिलीच्या नोंदणीसाठी पात्र होईल, आणि बारावीनंतर आधी अभियांत्रिकी व मग कायदा अशी वाट धरणाऱ्याचे दुसरे पदवीपत्र २०३३ मध्ये हाती येईल.